देवाची कडी

टाळकरी बुवा, टाळ जरा मांडीवर ठेवा. मृदंगालाही दोन घटका विसावा द्या. आणि पुढं बसलेल्या आयाबायांनो, वाती वळायच्या असतील तर खुशाल वळा – हात तुमचे, कान तेवढे माझ्याकडं असू द्या. आज तुम्हाला एक प्रश्न घालायचाय.

दारात चपला दिसल्या, तर घरात माणूस आहे. बरोबर? बरोबर! आता दारात चपला नाहीत – म्हणून घर रिकामं का? अहो, आत कुणी अनवाणी माणूस बसला नसेल कशावरून!

हसलात. चपलांच्या बाबतीत तुम्हाला लगेच उमजतं. पण देवाच्या बाबतीत? नवस पुरा झाला, अंगात आलं, डोळ्यांना धारा लागल्या, की आपण म्हणतो – याला देव पावला हो! म्हणा, माझी ना नाही. पण ज्याच्याकडं यातलं काहीच दिसलं नाही, त्याला देव पावलाच नाही, असं म्हणायचा अधिकार तुम्हाला-मला कुणी दिला? खूण दिसली तर देव आहे, हे खरं. खूण दिसली नाही, तर देव नाही – हेही खरं का?

सांगा. नाही ना सांगता येत? मग मंडळी, ऐका.

तांबडमाळ नावाचं एक गाव. गावाला टेकडी, टेकडीवर खंडेराय. दर साली चंपाषष्ठीला तिथं जत्रा. आता चंपाषष्ठी म्हणजे तुम्हाला काय आठवणार, मला माहीत आहे – वांग्याचं भरीत आणि रोडगा! चार महिने वांगं वर्ज्य करून बसलेली माणसं त्या दिवशी देवाकडं कमी आणि चुलीकडं जास्त बघतात. असो. तर त्या जत्रेत मान कशाचा? लंगर तोडण्याचा.

लंगर म्हणजे लोखंडाची साखळी. एकवीस कड्यांची, मनगटाएवढी जाड. एक टोक देवळासमोरच्या दगडी खांबाला, दुसरं टोक वाघ्याच्या हातात. वाघ्या म्हणजे खंडोबाच्या सेवेला वाहिलेला भक्त. त्यानं देवाचं नाव घ्यायचं, हिसका द्यायचा, आणि साखळी – काडकन तुटली पाहिजे! तुटली, की भंडारा उधळायचा, सगळा माळ पिवळाधमक, आणि सगळ्या गावाच्या मुखी एकच – देव पावला!

गावचा वाघ्या होता रायबा. तीस वर्षं त्यानं लंगर तोडला. एकदाही चुकला नाही. पन्नाशीला आला तरी छाती अशी, की घोंगडी पांघरली तर खिंडीत ढग उतरल्यासारखा दिसायचा. बाया लेकरांना त्याच्या पायावर घालायच्या. म्हणायच्या, लोखंड ज्याला वाट देतं, त्याचा आशीर्वाद घ्या.

पण मंडळी, रायबाच्या पोटात एक गोष्ट होती. ती कोणती?

दर साली ही साखळी घडवायचा मान लोहाराच्या घरचा. सटवाजी लोहार. माणूस अबोल, हात सोन्याचा. तो वीस कड्या पक्क्या सांधायचा. कडीची दोन्ही टोकं पांढरीशुभ्र तापवायची, एकावर एक धरून घण घालायचा, सांधा कुठं होता ते पुन्हा दिसता कामा नये. आणि एकविसावी? ती तो सांधायचाच नाही. नुसतं टोकाला टोक लावून ठेवायचा. तिचं नाव – देवाची कडी.

आता तुम्ही म्हणाल, बुवा, ही तर लबाडी! थांबा. लोहाराच्या घरात बाप लेकाच्या कानात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आला होता, की वीस कड्या माणसाच्या आणि एक देवाची. माणसानं सगळंच पक्कं करून टाकलं, तर देवाला शिरायला फट कुठं राहायची? श्रद्धेनं सोडलेली फट होती ती. आणि एकवीस कड्यांत ती कुठली, हे ठाऊक दोघांनाच – घडवणाऱ्याला आणि तोडणाऱ्याला. रायबा साखळी कपाळाला लावायचा, बोटं हळूच फिरवायचा, देवाची कडी सापडली की तिथं जोर आणायचा. ताकद त्याचीच, बरं का! ती न सांधलेली कडीही तुमच्या-माझ्यानं उघडली नसती. पण फट होती, ही गोष्ट खरी.

झालं काय, की त्या साली कार्तिकात सटवाजी तापानं पडला. चार दिवसांत माणूस आटोपला. शेवटच्या दिवशी बायकोला जवळ बोलावलं. बायको ठकूबाई. घण तीच मारायची. लोहाराच्या घरात संसार असाच असतो, नवरा सांडशीत लोखंड धरतो आणि बायको घण घालते. तिला म्हणाला, "औंदाची साखळी तू कर. आन् देवाची कडी सांभाळ." ती म्हणाली, "व्हय. पर कोणती?" उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि दम संपला.

देवाची कडी सांभाळ. एवढंच. ती फट आजवर त्यानं तिच्यापुढं कधी घडवली नव्हती. ती मारुतीला तेल घालायला गेली की तेवढ्यात तो शेवटची कडी उरकायचा. मग तिनं काय समजायचं, सांगा?

नवऱ्याला जाऊन महिना झाला नव्हता. बाई उठली, भट्टी पेटवली. एका हातानं भाता, दुसऱ्या हातानं सांडशी, मग सांडशी पायाखाली दाबून दोन्ही हातांनी घण. शेजारीपाजारी दारात येऊन बघत होते. बोलायचं कुणाला सुचेना. कडी भट्टीतून निघायची ती लाल नव्हे, पांढरी – माध्यान्हीच्या सूर्याकडं बघवत नाही, तसं तिच्याकडं बघवायचं नाही. घण पडला की ठिणग्या बाईच्या कपाळावरून उडायच्या. ती पापणी लववत नव्हती. एक कडी, दोन कड्या, दहा कड्या. घाव घालताना ओठांत नाव – मल्हारी, मल्हारी. अहो, आपण माळ घेऊन बसतो, दहाव्या मण्याला डुलकी येते! या बाईचा एकेक मणी चार शेर लोखंडाचा होता.

चंपाषष्ठी उजाडली. माळावर मुंगीला पाय ठेवायला जागा नाही. ऊन डोक्यावर आलं. पाटील पुढं आले. हैबतराव पाटील – गावचा शब्द. त्यांनी साखळीवर भंडारा वाहिला, टोक रायबाच्या हातात दिलं. रायबानं साखळी कपाळाला लावली. बोटं फिरवली. पहिली कडी, पाचवी, बारावी, एकविसावी. पुन्हा उलटा फिरला. एकविसावी, बारावी, पाचवी, पहिली.

फट नाही!

तीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. पण माघार घेतो तो वाघ्या कसला? नाव घेतलं, हिसका दिला. खांब हादरला, साखळी नाही. दुसरा हिसका. तळहात फाटला, कड्यांवर रक्ताचे ओघळ. तिसऱ्या हिसक्याला रायबा गुडघ्यावर आला. आणि साखळी? ताणलेली, झळकत, जशीच्या तशी.

मुठीत धरलेला भंडारा लोकांच्या मुठीतच राहिला. पाच हजार माणूस, पण वाऱ्यानं निशाणाची फडफड होत होती ती ऐकू यावी, एवढी शांतता.

आणि मग – सुरू झालं! शांतता माणसाला फार वेळ सोसत नाही. एक म्हणाला, देव कोपला. दुसरा म्हणाला, तरी मी म्हणत होतो, सुतकाची भट्टी, विधवेचा घण. तिसऱ्याला तर काहीच म्हणायचं नव्हतं, म्हणून तो सगळ्यांत मोठ्यानं बोलला! पंच बसले. हैबतरावांनी निकाल सांगितला.

"लंगर तुटतो त्या साली देव पावतो. बापजाद्यांपास्नं बघत आलो. औंदा लंगर तुटला न्हाई. म्हंजे देव पावला न्हाई. आन् रायबा तोच, खांब तोच, बदललं काय? साखळी करणारा हात. ठकूबाईनं भट्टी इझवावी, आन् दिवस मावळायच्या आत शीव सोडावी."

मंडळी, निकाल कसा वाटतो? पायरीवर पायरी चढवली आहे की नाही? मान डोलवावी असाच आहे. अख्ख्या माळानं डोलवली!

रायबा खांबाशी बसला होता. हाताला फडकं बांधलेलं. त्याला एकट्याला ठाऊक होतं, साखळी का तुटली नाही. तोंड उघडलं असतं तर बाई वाचत होती. पण तोंड उघडायचं म्हणजे काय सांगायचं? की तीस वर्षं जी छाती तुम्ही पुजलीत, तिला एक फट लागत होती? ज्यांनी पायावर लेकरं घातली, त्यांच्या डोळ्यांकडं मग बघायचं कसं? रायबानं मान खाली घातली. गप्प बसला. आणि गप्प बसल्यावर त्याला काय वाटलं, ते सांगतो – हिसक्यानं फाटलेला हात दुखायचा थांबला, इतकं आत दुसरं काही दुखायला लागलं.

ठकूबाईला बोलावणं गेलं. ती आली. हाताला काजळी, कपाळ मोकळं. तिला निकाल सांगितला. आता कुणी दुसरी असती तर टाहो फोडला असता, पाटलाचे पाय धरले असते. ही उभी राहिली. साखळीवर हात ठेवला. मग म्हणाली,

"लंगर तुटला की देव पावतो. खरं हाय. मी कुठं न्हाई म्हनते?"

पाटील म्हणाले, "मग झालं तर."

"पर पाटील, न तुटता पावतच न्हाई, ह्ये कुनी सांगितलं?"

पंच सरसावले. एकजण म्हणाला, "ते आपसूकच आलं की त्यात."

"कसं आलं? पाऊस पडला की माझं अंगण भिजतं. पर मी सडा टाकला तरीबी भिजतंच. अंगण भिजायला पाऊस एक वाट झाली. येकच वाट हाय, असं कसं म्हनावं?"

बघा हं! बाई भांडत नाही. देवाला खोटं म्हणत नाही, गावाला खोटं म्हणत नाही, लंगराला तर नाहीच नाही. त्यांचं पहिलं वाक्य तिनं पदरात घेतलं. फक्त त्याच्या पाठीला चिकटून जे दुसरं वाक्य चोरपावलांनी आलं होतं, ते बाजूला काढून उन्हात ठेवलं.

पाटील चिडले. "अंगणाच्या गोष्टी देवाला लावू नको. लंगर तुटल्याबिगर ह्या गावाला देव पावलाय, असं येक तरी साल दाखिव. येक दाखिव, मी निकाल मागं घेतो."

ठकूबाई म्हणाली, "पाटील, तुमी कोन्त्या सालचे?"

मंडळी – श्वास धरा!

पाटील म्हणाले, "मी? मी मानमोडीच्या सालचा."

मानमोडी म्हणजे ती तापाची साथ, घरंच्या घरं बसवून गेली ती. आणि पाटलांच्या जन्माची कथा गावात कुणाला ठाऊक नव्हती? दर जत्रेला पाटील स्वतःच सांगायचे. आईची सात लेकरं गेली. आठव्या खेपेला गाव ओस, सुईण सापडेना, आणि चंपाषष्ठीच्या दिवशी, भर दुपारी, हा पोरगा जन्मला. आईनं ओल्या अंगानं त्याला टेकडीवर नेलं, पायरीवर ठेवलं, म्हणाली, हा तुझा. तेव्हापासून गाव हैबतरावांना म्हणायचं – खंडेरायाचं देणं.

ठकूबाईनं हळूच विचारलं, "त्या साली जत्रा भरली हुती का?"

"न्हाई. मानूसच कुठं हुता भरायला."

"साखळी केली हुती? लंगर तुटला हुता?"

आणि हैबतराव पाटील – ज्यांच्या आवाजानं बैल थांबायचे – त्यांचा हात नकळत पागोट्याकडं गेला. पुरावा कुठं शोधायचा होता? पुरावा पागोटं बांधून पंचांच्या मधोमध उभा होता! त्यांचा श्वास हाच पुरावा. लंगर न तुटता देव पावला होता, आणि त्या देवाचं देणं चाळीस वर्षं या गावात वावरत होतं.

"तुमी जर देवाचं देणं असाल," ठकूबाई म्हणाली, "तर लंगराबिगरबी देव पावतो. आन् लंगराबिगर पावतच नसंल, तर तुमी कोन, ह्ये तुमीच सांगा. मला काय ठावं? मी आडाणी."

पाटील उभे होते, ते खाली बसले. दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड चाचपलं, जणू आपण खरंच इथं आहोत का हे बघत होते. मग त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. म्हणाले, "माझी आई गेल्यावर पहिल्यांदा कुनी मला माझा जल्म दाखिवला." निकाल मागं घेतला, हे वेगळं सांगायला नको.

इथं गोष्ट संपली असं वाटतंय ना? काहींनी तर पिशवी आवरायला घेतली! बसा. बाई वाचली, पण खांबाशी बसलेला माणूस अजून राहिलाय.

रायबा उठला. आता गप्प बसूनही भागत होतं, कुणी त्याला काही विचारलं नव्हतं. पण बाईनं जिथं पाटलाला पाटील दाखवला, तिथं रायबालाही रायबा दिसला होता. तो साखळीपाशी आला, आणि पाच हजार माणसांसमोर सगळं सांगितलं. फट सांगितली. देवाची कडी सांगितली. "तीस वर्सं मी ती कडी धुंडून तोडली. औंदा सगळ्या कड्या पक्क्या हुत्या. देव कोपला न्हाई. ठकूबाईचं पाप न्हाई. मी मघाशीच बोलायला पायजे हुतं. भ्यालो."

लोक सुन्न. आणि सगळ्यांत सुन्न कोण? ठकूबाई. इतका वेळ खांबासारखी उभी असलेली बाई, ती साखळीच्या कड्या चाचपायला लागली. म्हणाली, "म्हंजे मी चुकले. मरताना मानसानं येकच काम सांगितलं, देवाची कडी सांभाळ. आन् मी तीच बुजवली." आता ती रडली. गाव सोडायला सांगितलं तेव्हा जी रडली नव्हती, ती आता पदर तोंडात घालून रडली.

रायबानं विचारलं, "वैनी, तू कोन्ती कडी देवाची धरलीस?"

"कोन्ती ते सांगायच्या आदी गेले की ते. मग म्या म्हनलं, कोन्ती ठावं न्हाई ना, मग सगळ्याच देवाच्या धराव्या. येकबी हलकी नको. परत्येक घावाला नाव घेतलं."

फाटक्या तळहातानं रायबानं ती साखळी उचलली, एकेक कडी कपाळाला लावली. पहिली, दुसरी, तिसरी. एकवीसही. मग म्हणाला,

"सटवाजीनं देवाला येक कडी दिली. तू एकवीस दिल्यास. म्या काय तोडनार गं ही?"

आणि मंडळी, तीस वर्षं ज्याच्या पायावर गावानं लेकरं घातली, तो रायबा वाघ्या त्या काजळी भरल्या बाईच्या पायाशी वाकला. तेव्हा कुठं लोकांच्या मुठी उघडल्या. इतका वेळ दाबून धरलेला भंडारा एकदम वर गेला – येळकोट येळकोट, जय मल्हार! लंगर तुटल्यावर सगळा माळ एवढा पिवळा झालेला कुणी कधी पाहिला नव्हता, आणि आज तर लंगर तुटलाच नव्हता.

त्या साखळीचं काय केलं? तोडलेले लंगर कुठं जातात, कुणी विचारतं का? जातात भंगारात. ही साखळी पाटलांनी स्वतः शिडीवर चढून गाभाऱ्यासमोर लावली, आणि तिला देवळाची मोठी घंटा टांगली. बारा मणांची घंटा! तिच्याखालून बायाबापड्या जातात, म्हातारे जातात, डोक्यावर बारा मण लोंबतंय याची कुणाला आठवणही होत नाही. सांध्यावर सांधा असा बसलाय, की बोट फिरवलं तरी कुठं जोड आहे ते कळत नाही. ती तुटली नाही म्हणून बाईला गावाबाहेर घालवायला निघाले होते. आज ती तुटत नाही, म्हणून गाव निर्धास्तपणे वाकून नमस्कार करतं.

आता तुमच्याकडं वळू का? घाबरू नका, थोडक्यात सांगतो.

तुम्ही कीर्तनाला आलात. जो कीर्तनाला येतो त्याच्या मनात देव आहे – धरू या. अगदी मागं भिंतीला टेकून डोळे मिटलेत, त्यांचं तर ध्यानच लागलंय, असंही धरू! पण दुपारी या गावात मी ज्या घरी जेवलो, त्या घरची सून इथं नाही. मी जेवत होतो, तेव्हा आत म्हातारी सासू कण्हत होती. सहा महिने अंथरुणाला खिळलीय. सून मला भाकरी वाढायची आणि आत पळायची, पुन्हा यायची, पुन्हा आत. जेवून मी बाहेर पडलो, तर पारावर कुणी तरी म्हणालं – नाव सांगत नाही, ते इथं पुढंच बसलेत – "बुवा, त्या बाईला देवाधर्माचं काही नाही. सप्ताहात एक दिवस दिसली नाही."

दिसली नाही, हे खरं. पण पुढचं? पुढचं कुठून आणलंत तुम्ही? जो येतो तो देवाचा. जी आली नाही, ती कुणाची – हे त्या वाक्यात कुठं लिहिलंय? तिथं आत, काळोख्या खोलीत, म्हातारीची कूस बदलताना ती काय पुटपुटत होती, तुम्ही ऐकलंत का? मी ऐकलं. ठकूबाईच्या ओठांत होतं, तेच नाव – मल्हारी, मल्हारी.

उठा आता. आरतीला उभे राहा. पण तबक आज आधी देवळात फिरायचं नाही. निरांजन वाऱ्यापासून पदराआड धरा, आणि चौघीजणी त्या घरी जा. म्हातारीला आरती द्या, सुनेला द्या, तिच्या कपाळाला हळद लावा, आणि मग परत या. ते पारावरचे गृहस्थ, तुम्ही तबक धरा. तुम्ही परत येईपर्यंत मी इथं उभा आहे.